बार्शी लाईटचा हिशेब ठेवणाऱ्या एका मुनिमाविषयी, मार्गावरील शहरांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय नगराध्यक्ष, महापौर, मुख्याधिकारी आणि आयुक्त,
लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला व मिरज

विषय : बार्शी लाईट रेल्वेविषयी घरोघरी उरलेले कागद, वस्तू आणि आठवणी जतन करण्याबाबत

सादर नमस्कार.

माझे वडील, ज्यांना घरात आणि बाजारपेठेत सगळेच अण्णा म्हणत, गेल्या पावसाळ्यात वारले. बार्शीच्या एका अडत दुकानात त्यांनी उभा जन्म मुनिमी केली. रेल्वेत एक दिवसही नोकरी केली नाही, रेल्वेचे कंत्राट घेतले नाही, की रेल्वेत कोणाला चिकटवले नाही. तरीही त्यांच्या तेराव्याला आलेल्या मंडळींत नातेवाइकांच्या बरोबरीने निवृत्त गार्ड, पॉईंटमन आणि गँगमन होते, आणि त्यातले काही लातूरहून, काही थेट आरग-बेळंकीहून आले होते. अण्णांच्या मागे एक लोखंडी ट्रंक राहिली आहे. तिचे काय करायचे हा खरे तर आमच्या घरचा प्रश्न. पण ती उघडून आतला एकेक कागद पाहताना तो फक्त आमच्या घरचा नाही असे माझे मत झाले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आपल्यापैकी काहींनी या गाडीतून प्रवास केला असेल, काहींनी तिचे नुसते नाव ऐकले असेल, म्हणून थोडक्यात पूर्वपीठिका सांगते. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा लोहमार्ग बार्शीपासून सुमारे 21 मैल दूर राहिला होता, आणि एवढ्या मोठ्या पेठेचा माल बैलगाड्यांवर लादून बार्शी रोड स्थानकापर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, न्यावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी 1895 मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि मार्च 1897 मध्ये अडीच फुटी रुळांवरून गाडी सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोहोचली, आणि सगळा मिळून सुमारे 325 किलोमीटरचा मार्ग झाला. 1954 मध्ये तो सरकारच्या ताब्यात आला तेव्हा अण्णा शाळकरी पोर होते. कारभार बदलला तरी आमच्या आजोबांच्या पिढीने ‘कंपनीची गाडी’ हे नाव शेवटपर्यंत सोडले नाही, आणि अण्णांनीही ते त्यांच्याकडूनच उचलले.

या सगळ्या इतिहासात अण्णांना सर्वांत प्रिय काय होते, तर एक आकडा : 5 टन. हा मार्ग ज्यांच्या कल्पनेतून उभा राहिला ते इंग्रज अभियंते एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप यांनी असा नियम घालून दिला होता की इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालाची वाघीण, कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी बसवलेल्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा अधिक भार पडता कामा नये. एवढे पथ्य पाळले की दर यार्ड लांबीला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात, पूल आणि मोऱ्या कमी खर्चात होतात, आणि भार सगळीकडे सारखा वाटला गेल्यामुळे इतक्या हलक्या मार्गावरूनही माल मात्र भरपूर नेता येतो. लीड्सच्या किटसन कारखान्याने या मार्गासाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांना जोडलेली आठ चाके होती ती याच हिशेबाने. डब्यांखालच्या सांगाड्यांसाठी दाबून आकार दिलेले पोलाद वापरले होते तेही याच हिशेबाने. हे सगळे सामान भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले या ठिकाणी खास रूळ टाकून चालवून पाहिले गेले होते. अण्णा ही हकीकत अशा थाटात सांगत, की जणू त्या चाचणीचा जमाखर्च त्यांनीच लिहिला होता. एकदा जेवणाच्या पंगतीत ओझे सारखे वाटून घेण्याचे हे तत्त्व ते पाहुण्यांना रंगून समजावून सांगत असताना आईने वाढता वाढता विचारले, की या घरातल्या पाण्याच्या घागरी कुठल्या आसावर आहेत. पाहुणे हसले, अण्णा हसले नाहीत. मात्र दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या दोन घागरी त्यांनी स्वतः आणायला सुरुवात केली, आणि नळ घरात येईपर्यंत त्यात खंड पडला नाही.

अण्णांचा दिवस खतावणीत जाई. दुकान बंद करून घरी यायची सरळ वाट सोडून ते स्टेशनावरून वळसा घालून येत, संध्याकाळच्या गाडीची वेळ पाहत, आणि रात्री जेवणानंतर लाल कापडाच्या बांधणीच्या एका चोपडीत तिची नोंद करत. चोपडी दुकानातल्यासारखीच : डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, म्हणजे खर्च. गाडी वेळेआधी आली तर तेवढी मिनिटे जमेला, उशिरा आली तर नावे. जमेची बाजू अर्थातच बहुतेक कोरी आहे. परंतु नावेच्या बाजूला उशिराच्या मिनिटांपुढे त्यांनी कारणही लिहिले आहे, आणि चोपडीची खरी किंमत मला तिथे वाटते. ‘कुर्डुवाडीस मोठी गाडी उशिरा, जोडगाडी थांबवली’, ‘शेंद्रीपुढे म्हैस’, ‘तुरीची पोती चढवणे’, ‘पाऊस, भराव ओला, सावकाश’, ‘लग्नाचे वऱ्हाड, नवरदेव मागे राहिला’. या नोंदींत रेल्वे आहे, आणि तिच्या काठाने जगणारा सगळा मुलूखही आहे; कोणत्या साली सुगी केव्हा सुरू झाली, लग्नसराई कशी होती, पाऊस कुठे आणि किती लागला, हे त्या उशिरावरून आज वाचता येते.

त्यांना छंद होता म्हणून घराकडे दुर्लक्ष झाले, असे मात्र कोणी समजू नये. आम्हा तिन्ही भावंडांची शिक्षणे त्यांनी मुनिमाच्या पगारात केली, आत्याच्या दोन्ही मुलींची लग्ने आमच्या दारात लावली, आणि छंदावरचा खर्च आपल्या पान-तंबाखूच्या पैशांतून भागवता यावा म्हणून पान-तंबाखूच सोडली. सुट्टीतली आमची सहल मात्र एकच असे, ती म्हणजे मिरज. मिरजेत मिशन हॉस्पिटल आहे, तंतुवाद्यांचे कारागीर आहेत, दर्गा आहे. हे सगळे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले, कारण अण्णांच्या लेखी मिरज म्हणजे एकाच स्थानकात तिन्ही मापांचे रूळ असलेले गाव. 1971 मध्ये पुण्याकडचा मार्ग रुंद झाल्यावर मिरजेत मोठी गाडी आली, दक्षिणेकडे मीटरगेज चालूच होती, आणि आमची छोटी गाडी तर होतीच. अण्णा खिशातून शिंप्याची टेप काढत, एक टोक मला धरायला लावत, आणि आजूबाजूला गाडी नाही ना हे पाहून फलाटाच्या टोकाशी मापे घेत : 1676 मिलिमीटर, 1000 मिलिमीटर, 762 मिलिमीटर. दर वर्षी तीच मापे येत. तरी दर वर्षी घ्यायची. धाकट्या भावाने एकदा विचारले, की आकडा ठाऊक असताना मोजायचे कशाला. त्यावर अण्णा म्हणाले, की रोकड ठाऊक असली तरी रोज संध्याकाळी मोजतातच.

आईचे माहेर सांगोल्याचे. तिला या गाडीचे प्रेम वगैरे काही नव्हते. धूर डोळ्यांत जातो, पातळावर काजळी बसते आणि कुर्डुवाडीला पोरांना घेऊन ताटकळावे लागते, एवढेच तिचे मत होते, आणि ते तिने कधी लपवले नाही. पण अखेरच्या दिवसांत अण्णांची स्मृती दगा देऊ लागली, ते पंढरपूरपुढची स्थानके मोजताना मध्येच अडखळू लागले, तेव्हा आई भाजी निवडता निवडता मान वर न करता पुढची नावे सांगे : सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, बेळंकी, आरग, मिरज. हे तिला कोणी शिकवले नव्हते. माहेराची वाट होती ती.

पंढरीच्या वाटेविषयी लिहिल्याशिवाय या गाडीविषयी लिहिणे पुरे होणार नाही. आषाढी-कार्तिकीला कुर्डुवाडीच्या फलाटावर मोठ्या गाडीतून उतरलेली माणसे छोट्या गाडीत शिरू पाहत, तेव्हा डबा संपून टप सुरू होई. अण्णा वारकरी नव्हते, माळ घातलेली नव्हती, बार्शीच्या भगवंतावर त्यांचे भागत असे. परंतु आषाढीच्या आधीचे दोन-तीन दिवस ते दुकानातून रजा घेऊन कुर्डुवाडीला जात आणि अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांना आणि बायाबापड्यांना कोणती गाडी कुठून सुटणार हे सांगत उभे राहत. कोणी नेमले नव्हते. पहिली काही वर्षे रेल्वेच्या माणसांनी त्यांना हटकले, पुढे तीच माणसे यंदा मुनीम आले नाहीत का म्हणून विचारू लागली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. छोटी गाडी परत आणा, अशी मागणी मी करत नाही, आणि अण्णांनीही कधी केली नसती. ही गाडी इतकी हळू चाले की उतरून बोरे वेचून पुन्हा चढता येई, हा सगळीकडचा विनोद कोणी त्यांच्यापुढे केला, की ते खरोखर रागवत आणि सांगत, की वेग कमी होता तो आळसाने नव्हे, हलक्या रुळांच्या आणि वळणांच्या मर्यादेने, आणि त्या मर्यादेतच तो मार्ग परवडला होता, नाहीतर तो झालाच नसता. पण त्याच न्यायाने, मर्यादा संपवायची वेळ आली आहे हेही त्यांना मान्य होते. पंढरपूरचा टप्पा आधी रुंद झाला, 2008 पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी हा भाग पुरा झाला, आणि पुढच्या दोनेक वर्षांत मिरजेकडचा. नवा मार्ग वळसा घेऊन उस्मानाबादवरून, म्हणजे आताच्या धाराशिववरून, गेला. जे गाव जुन्या गाडीने बाजूला ठेवले होते ते जोडले गेले, आणि जुन्या वाटेचा काही भाग मात्र ओस पडला. बार्शीतून छोटी गाडी शेवटची गेली त्या रात्री अण्णांनी चोपडीत वेळ लिहिली, खाली दुहेरी रेघ मारली, आणि शिल्लक काढली नाही.

त्यानंतर एप्रिल 2016 उजाडला. लातूरला प्यायला पाणी नव्हते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवायचे ठरले. पहिल्या गाडीला 10 टाक्या होत्या, त्यांत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते, आणि 12 एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोहोचली. पुढे 50 टाक्यांच्या, 25 लाख लिटरच्या गाड्या धावू लागल्या. मिरजेहून लातूरला, म्हणजे कॅलथ्रॉपच्या मार्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. अण्णा तेव्हा काठी घेऊन चालत होते, तरी एक गाडी पाहायला रिक्षा करून स्टेशनावर गेले. घरी आल्यावर त्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे हिशेब मांडला, तो कागद ट्रंकेत आहे : एका आसावर 5 टन, चार आसांच्या डब्याचे फार तर 20 टन, त्यात डब्याचे स्वतःचे वजनही आले, आणि इकडे एकेका टाकीत 50 हजार लिटर, म्हणजे नुसते पाणीच 50 टन. खाली त्यांनी एकच ओळ लिहिली आहे : ‘रुंद केली ते बरे झाले.’ ज्या माणसाचा आवडता आकडा 5 टन होता त्याने ही ओळ लिहावी, याचे मोल मला त्यांच्या उरलेल्या सगळ्या संग्रहापेक्षा अधिक वाटते.

आता ट्रंकेविषयी. तीत उशिराच्या हिशेबाच्या चोपड्या आहेत. वेळापत्रके आहेत, त्यांत अण्णांनी पेन्सिलीने केलेल्या दुरुस्त्यांसह. पुठ्ठ्याची तिकिटे आहेत, बोटाच्या दोन पेरांएवढी, कडेला चिमट्याने पाडलेल्या खाचेची, आणि प्रत्येकाच्या मागे कोण कशासाठी गेले ते बारीक अक्षरात : ‘थोरलीची परीक्षा’, ‘मामंजींचे दिवस’, ‘सहज’. रुळाचे खिळे आहेत, आणि ते भंगाराच्या व्यापाऱ्याकडून रीतसर विकत घेतल्याची पावती त्यांना सुतळीने बांधलेली आहे, कारण रेल्वेची वस्तू फुकट घरात ठेवणे त्यांच्या मुनिमी बुद्धीला मानवणारे नव्हते. निवृत्त कर्मचाऱ्यांनी सांगितलेल्या हकिकती त्यांनी वह्यांत उतरवून घेतल्या आहेत, आणि सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत.

तेराव्याला आलेल्या मंडळींशी बोलताना मला जे उमगले ते हे, की अशा ट्रंका आणखीही आहेत. कोणाकडे गार्डचा दिवा आहे, कोणाकडे आजोबांचा शिट्टीचा गोफ, कोणाकडे कुर्डुवाडीच्या कारखान्यातल्या कामगारांचा समूहफोटो. त्यांची मुले पुण्या-मुंबईला आहेत, घरे विकायला निघाली आहेत, आणि घर रिकामे करताना पहिली जाते ती माळ्यावरची रद्दी. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे, दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय तर 1977 पासूनचे आहे. इंजिने आणि डबे तिथे शोभतात हे खरे. पण शेंद्रीपुढच्या म्हशीची नोंद दिल्लीला कोणाला काय सांगणार? तिचा अर्थ ज्यांना लागतो ती माणसे या मार्गावर राहतात, आणि म्हणून ही जबाबदारी मी रेल्वेपुढे न मांडता आपल्यापुढे मांडते आहे.

याला दाखला आहे, आणि तोही कॅलथ्रॉप यांच्याच घरचा. बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाचा असाच अडीच फुटी मार्ग उभारला. तो 1904 मध्ये सुरू झाला, जेमतेम आठ मैलांचा होता, आणि 1934 मध्ये बंदही पडला. रूळ उखडल्यावर तिथल्या काउंटी कौन्सिलने ती पट्टी ताब्यात घेऊन 1937 मध्ये चालण्यासाठी खुली केली. माणसे आजही त्या वाटेने फिरतात, आणि हल्म एंडच्या जुन्या स्थानकात येणाऱ्यांना त्या रेल्वेची माहिती आणि स्थानकाची छोटी प्रतिकृती पाहायला मिळते. हे अण्णांना नातवाने फोनवर शोधून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, की तीस वर्षे चाललेल्या गाडीचे त्यांनी एवढे केले, आपली तर शंभरावर चालली.

म्हणून माझे मागणे असे आहे. आपल्या प्रत्येक शहरात नगर वाचनालय, सांस्कृतिक भवन, निदान एखादी बंद शाळाखोली आहे. त्यातली एक खोली, आणि ती नसेल तर दोन कपाटे, या रेल्वेसाठी राखून ठेवावीत. लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंची देणाऱ्याच्या नावासह नोंद करावी आणि कागदांची छायाचित्रे काढून सहाही शहरांनी ती एकमेकांना द्यावीत, म्हणजे एका ठिकाणी वाळवी लागली तरी मजकूर उरेल. इमारत, उद्घाटन आणि कोनशिला यांच्या आधी एखादा जाणता ग्रंथपाल आणि टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायला तयार असलेली महाविद्यालयीन मुले नेमावीत, कारण इमारत पाच वर्षांनी बांधली तरी चालेल, पण नव्वदीचा पॉईंटमन पाच वर्षे थांबेलच असे नाही. जुन्या वाटेचा जो भाग ओस पडला आहे त्यातला एखादा तुकडा चालण्यासाठी मोकळा करता येईल का, हे रेल्वे आणि महसूल खात्याशी बोलून आपणच तपासू शकाल. जमिनीच्या मालकीचे प्रश्न सोपे नसतात हे मी जाणते, त्यामुळे तो विषय खोलीच्या आड येऊ देऊ नये एवढेच म्हणते.

अण्णांची ट्रंक द्यायला आम्ही तिघेही भावंडे तयार आहोत, विनामूल्य आणि लेखी. अटी दोनच. चोपड्या काचेत बंद न करता मागेल त्याला हातात घेऊन वाचू द्याव्यात, आणि खिळ्यांची पावती खिळ्यांपासून वेगळी करू नये. यादी मी केली आहे, फक्त ताडून घेणे बाकी आहे. जे कोणी येतील त्यांनी दुपारी चारनंतर यावे, कारण किल्ली आईकडे असते आणि दुपारी ती झोपते. यादी वाचली जाताना तिला समोर बसायचे आहे, सांगोल्याकडच्या स्थानकांत कोणी गफलत केली तर तिथल्या तिथे दुरुस्त करता यावी म्हणून.

आपली विश्वासू,
मुनीम अण्णांची थोरली मुलगी
बार्शी, जि. सोलापूर